हिरवा ओरखडा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

शनिवारच्या कॉलेज फुटबॉलच्या मॅचमध्ये तुला मैदानाबाहेर काढलं, त्यावरून रविवारी फोनवर तू इतका चिडला होतास की माझं बोलणं अर्धवटच राहिलं. म्हणून लिहितेय. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, ठाऊक आहे मला. लागू दे. हे सावकाश वाचलंस तरच बरं.

शनिवारचा तो क्षण मी चारपाच वेळा लावून पाहिला. तिसरा क्वार्टर. त्यांचा रिसीव्हर, बॉल झेलणारा, मैदानाच्या मधोमध आला, बॉल छातीशी घेऊन वळता वळता गुडघ्यात वाकला आणि तू डावीकडून धावत येऊन त्याच्यावर आदळलास. चुकीचा पिवळा फ्लॅग पडला. मग रिप्ले, मग माइकवर पंचांचा आवाज: टार्गेटिंग (डोक्यामानेवर किंवा हेल्मेटच्या टाळूने दिलेली धडक), संघाला १५ यार्डांचा दंड, खेळाडू मैदानाबाहेर. तू डोक्यावर टॉवेल ओढून बाकावर बसलास. इकडे बाबा टीव्हीसमोर उभे राहिले, ते मॅच संपेपर्यंत बसलेच नाहीत. दुसऱ्या हाफमधली चूक म्हणून पुढच्या शनिवारचा पहिला हाफही गेला. शेवटच्या वर्षाला मॅच किती उरल्यात, हे मीही मोजते रे.

तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. समोरचा अर्ध्या सेकंदात खाली वाकला, तू त्याच्या छातीचा नेम धरला होतास. शिवाय एकाला शिक्षा होते आणि दुसरा सुटतो, हेही खरं. २०२५च्या एक जानेवारीला पीच बोलची मॅच आपण सगळे मिळून पाहत होतो. २४-२४ बरोबरी, जेमतेम मिनिटभर उरलेलं, टेक्ससच्या सेफ्टीचं, म्हणजे बचावातल्या खेळाडूचं, हेल्मेट अॅरिझोना स्टेटच्या रिसीव्हरच्या हेल्मेटवर आपटलं. पंचांनी रिप्ले पाहून टार्गेटिंग दिलं नाही, आणि टेक्सस दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये जिंकलं. त्या दिवशी ‘हे टार्गेटिंग नाही तर मग काय आहे?’ म्हणून सगळ्यात मोठ्याने तूच ओरडला होतास. निकाल सगळ्यांना सारखा लागला पाहिजे, याबद्दल मी तुझ्याच बाजूची आहे. नियमातही चुका झाल्या आहेत. २०१३ साली बाहेर काढायची शिक्षा आली तेव्हा रिप्लेत खेळाडू निर्दोष ठरला तरी संघाचे १५ यार्ड जायचेच. ते पुढच्या वर्षी सुधारलं. तसं आणखीही सुधारावं.

पण बास्केटबॉलसारखे दोन दर्जे करा, मुद्दाम मारलं तरच बाहेर काढा आणि चुकून झालं तर नुसते यार्ड घ्या, असं जे तू म्हणालास ते मला पटत नाही. उलट एका मोसमात तिसऱ्यांदा टार्गेटिंग झालं की पुढची अख्खी मॅच जाते, ती दुसऱ्यांदाच जावी, या मताची मी आहे. तुझी आई असूनही. हेतू काय होता हे मणक्याला कळत नाही, ओंकार.

तू नियमाचा अर्धाच भाग धरून बसला आहेस. बेसावध खेळाडूच्या डोक्यामानेवर मारू नये, हा एक भाग. दुसरा असा की हेल्मेटच्या टाळूने कुणालाच धडक द्यायची नाही, समोरचा सावध असला तरी. हा दुसरा भाग तुझ्यासाठी आहे. मान सरळ आणि नजर समोर असते तेव्हा मानेच्या मणक्यांना मागच्या बाजूला खोलगट बाक असतो, धक्का त्यात आणि स्नायूंत जिरतो. डोकं खाली घातलं की तो बाक जातो, सातही मणके एका काठीसारखे सरळ होतात. टाळूवर बसलेला दणका मग थेट काठीतून जातो आणि काठी मोडते. हे १९७०च्या दशकात डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी फुटबॉलमधल्या मानेच्या दुखापतींची नोंद ठेवून दाखवून दिलं. १९७६ साली डोक्याने भिडण्यावर बंदी आली आणि मान मोडून लुळं पडणाऱ्या मुलांची संख्या पुढच्या काही वर्षांत झपाट्याने खाली आली. हेल्मेट तेच होतं. नियम बदलला होता.

रटगर्स विद्यापीठाचा एरिक लग्रँड आठवतो? तू पाच वर्षांचा होतास. १६ ऑक्टोबर २०१०, आपल्या न्यू जर्सीतलंच मेडोलँड्स स्टेडियम, रटगर्स विरुद्ध आर्मी. किकऑफला धावत गेला, डोकं खाली गेलं, मानेचा तिसरा आणि चौथा मणका मोडला. टॅकल, समोरच्याला पाडायला भिडणं, त्यानेच केला होता. वीस वर्षांचा मुलगा. ओल मिस विद्यापीठाचा चकी मलिन्सही १९८९ साली टॅकल करतानाच पडला आणि दीड वर्षाने गेला. ज्याला तो भिडला त्या ब्रॅड गेन्सचा काही दोष नव्हता, तरी तो कित्येक वर्षं त्याच्या कबरीपाशी जात राहिला आहे.

माझ्या कामाबद्दल मी घरी फार बोलत नाही. मान मोडलेल्या मुलाला पहिल्यांदा बसवायचं असतं तेव्हा पोटाला रुंद पट्टा आवळायचा, पायांत घट्ट मोजे चढवायचे, मग पलंगाचं डोकं थोडं थोडं उचलायचं. जरा वर नेलं की रक्तदाब कोसळतो, ओठ पांढरे पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुन्हा आडवं करायचं. पुन्हा उचलायचं. नुसतं बसण्यासाठी. मी एका बाजूला खांदा धरून उभी असते आणि पलीकडे त्याची आई त्याच्याकडे बघत असते. अशा दिवशी मी घरी येताना गाडी पार्किंगमध्ये थोडा वेळ तशीच उभी ठेवते.

काल तुझ्या खोलीतलं शाळेचं हेल्मेट खाली काढलं, सीनियर्सना आठवण म्हणून दिलेलं. धूळ पुसता पुसता ओरखडे पाहिले. समोर जाळीच्या वर लाल, निळे, पिवळे पट्टे आहेत, इतर संघांच्या हेल्मेटांचा रंग. ते नजर वर असल्याचे. आणि एक हिरवा पट्टा आहे, बोटभर लांब, बरोबर टाळूवर. ती मॅच मला आठवते. त्या टॅकलला कुणी फ्लॅग टाकला नाही. सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं, मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या.

हेल्मेट घेऊन शनिवारी येतेय. बाबाही येताहेत. पहिला हाफ तू बाकावर असशील तेव्हा आम्ही तुझ्या मागच्याच रांगेत बसू. मॅच झाल्यावर तो हिरवा पट्टा तुला दाखवायचा आहे.

तुझी,
आई