टाकीतले प्रवाळ का मरत होते ते शोधून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

स. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुम्हाला न पाठवता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण तुम्ही जे शिकवलंत ते आमच्या एका टाकीपुरतं नाही. न्यू जर्सीत काय किंवा लंडनला काय, खाऱ्या पाण्याची टाकी असलेल्या मराठी घरात कधी ना कधी ही वेळ येतेच. सगळ्या टेस्ट किटचे आकडे जागच्या जागी असतात, मासे खातात-पितात, आणि प्रवाळ मात्र एकामागून एक पांढरे पडत जातात. अशा वेळी काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे सांगणारं माणूस भेटणं फार मोलाचं. आम्हाला तुम्ही भेटलात. मनापासून आभार.

आम्ही तुम्हाला आकड्यांची यादी पाठवली होती. तापमान २५.५ अंश, खारेपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), अल्कॅलिनिटी, म्हणजे पाण्यातली कार्बोनेटची शिल्लक, ८.२ डीकेएच (तिचं एकक), आणि पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५. ३०० लिटरच्या रीफ टाकीला, म्हणजे प्रवाळांच्या टाकीला, याहून चांगले आकडे मागू नयेत. तुम्ही ती यादी वाचलीत, बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "सगळ्यात आधी कोण गेलं?"

काका, या प्रश्नासाठी तुमचे वेगळे आभार मानायला हवेत. आधी टर्बो गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या, आणि उलट्या पडल्या की सरळ होईनात. मग ॲक्रोपोरा हे फांदीदार प्रवाळ बुडापासून सोलल्यासारखे पांढरे होत वर गेले. त्यामागून माँटिपोरा प्रवाळ कडेकडेने. झोअँथिड हे मऊ अंगाचे जीव मिटून बसले पण टिकले, कोळंबी जिवंत, मासे ठणठणीत. हा क्रम ऐकून तुम्ही एकेक शक्यता खोडत गेलात. ऑक्सिजन कमी पडला असता किंवा अमोनिया चढला असता, तर मासे आधी धापा टाकू लागले असते. घरात डासांचा किंवा झुरळांचा फवारा मारल्याचा परिणाम असता, तर कोळंबी आणि खेकडे पहिल्यांदा गेले असते. ॲक्रोपोरा खाणारे चपटे कृमी असते, तर फांद्यांवर फिकट गोल चावे आणि बुडाशी अंड्यांचे तपकिरी पुंजके दिसले असते, आणि गोगलगायींना त्यांनी हातही लावला नसता. गोगलगायी आणि छोट्या पॉलिपचे प्रवाळ (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक जीव; ॲक्रोपोरा, माँटिपोरा यातलेच) एकाच सुमाराला जातात आणि माशांना काही होत नाही, तेव्हा पहिला संशय धातूवर घ्यायचा. तांबं, जस्त, निकेल. टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करून ठेवावं इतकं कामाचं आहे.

तांब्याचं किट तर शून्य दाखवत होतं. त्यावर तुम्ही जे समजावलंत ते कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. दुकानात मिळणारी बहुतेक तांब्याची किट माशांवर औषधोपचार करताना मात्रा मोजण्यासाठी बनवलेली असतात. त्यांचा पहिला रंग उठतो तोच साधारण ०.१ ते ०.२५ पीपीएमला, म्हणजे लिटरमागे १०० ते २५० मायक्रोग्रॅमला. प्रवाळांना त्याच्या दहाव्या हिश्श्यातही त्रास होतो. त्यामुळे या किटवरच्या शून्याचा अर्थ "तांबं नाही" असा घ्यायचा नाही, "औषधाएवढं तांबं नाही" एवढाच घ्यायचा. टीडीएस मीटरचंही तसंच. पाण्यात एकूण विरघळलेलं किती आहे एवढंच तो सांगतो, आणि खाऱ्या पाण्यात काही मायक्रोग्रॅम तांबं त्याला कधीच दिसणार नाही.

मग तुमचा सक्त नियम: निदान होईपर्यंत टाकीत नवीन काही घालायचं नाही. अमिनो ॲसिड नाही, बाटलीतले जिवाणू नाहीत, ट्रेस एलिमेंट तर मुळीच नाहीत. प्रवाळ मरताना बघून हात शिवशिवतात आणि माणूस कपाटातली प्रत्येक बाटली ओतायला लागतो, त्यामुळे हा नियम पाळणं सर्वांत अवघड. त्याच्या जोडीला डोसिंग पंप, म्हणजे अल्कॅलिनिटीची ठरलेली मात्रा आपोआप टाकणारा पंप, निम्म्यावर आणायला लावलात, आणि त्यामागचं कारण आम्हाला फार पटलं. धडधाकट प्रवाळ सांगाडा बांधताना अल्कॅलिनिटी वापरतात. ते आजारी पडले की वापर घटतो, पण पंपाला ते कळत नाही, तो ठरलेली मात्रा टाकतच राहतो. रोज १ डीकेएच घालणाऱ्या टाकीत वापर निम्म्यावर आला, तर चार दिवसांत अल्कॅलिनिटी २ डीकेएचने चढते, आणि मूळ कारणातून वाचलेले प्रवाळ या दुसऱ्या धक्क्याने जातात. म्हणून रोज ठराविक वेळी मोजायचं आणि मगच मात्रा ठरवायची. हातानं द्यायची झाली तर तुमचा हिशोब सोपा: ३०० लिटर पाण्याची अल्कॅलिनिटी १ डीकेएचने वाढवायला ९ ग्रॅम खाण्याचा सोडा, आरओडीआय (आरओ आणि मग डीआय रेझिनमधून गाळलेल्या शुद्ध) पाण्यात पूर्ण विरघळवून, जोरदार प्रवाहात, हळूहळू. घटलेल्या वापराचा आकडा ही आजाराची खूण असते, हेही तेव्हाच कळलं. पॉलिप आत जायच्या आधीच तो आकडा बोलायला लागतो.

मोजण्याची साधनं तपासायचं काम तुम्ही थोडक्यात उरकायला लावलंत. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावरच लावायचा, कारण शून्याला बरोबर असलेलं उपकरण ३५ ला दोन-तीन पीपीटीने चुकू शकतं. अल्कॅलिनिटीचं किटही प्रमाणित द्रावणावर ताडून बघायचं. आमच्याकडे दोन्ही बरोबर निघाली, आणि तो रस्ता बंद झाला.

त्यानंतर आयसीपी, म्हणजे पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी. पाण्याचा नमुना काही हजार अंशांच्या आरगॉन प्लाझ्मात सोडतात, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं, आणि त्यावरून मायक्रोग्रॅममध्ये प्रमाण कळतं. नमुना कसा घ्यायचा हे तुम्ही बारकाईने सांगितलंत म्हणून अहवालावर विसंबता आलं. हाताला क्रीम नको. नळी आधी टाकीच्या पाण्यानं तीनदा खळबळून घ्यायची. पृष्ठभागावरचं तेलकट पाणी घ्यायचं नाही, मधल्या थरातलं घ्यायचं. नमुना पाणी बदलण्याआधीचा हवा. आणि सोबत आरओडीआय पाण्याचा वेगळा नमुना हवाच. घरातल्या तांब्याच्या पाइपात रात्रभर साचलेलं पाणी सकाळी फिल्टरमध्ये आलं आणि डीआय रेझिन संपलेलं असलं, तर बाष्पीभवनाची भरपाई करताना आपणच रोज थोडं थोडं तांबं घालत असतो. पाणी उडून जातं, तांबं मागे राहून साचत जातं. हे दोन नमुने शेजारी ठेवले की दोष बाहेरून येतोय की आतूनच निघतोय, ते लगेच कळतं.

आमचं आरओडीआय पाणी स्वच्छ निघालं. टाकीच्या पाण्यात तांबं लिटरमागे २० मायक्रोग्रॅमच्या वर, निकेल आणि जस्तही चढलेलं. तुम्ही तीन नावं एकत्र वाचलीत आणि म्हणालात, "लोहचुंबक बघा." तांबं एकटंच किंवा फक्त जस्तासोबत असतं तर पितळी नळजोडणी किंवा औषध शोधलं असतं. तांब्यासोबत निकेल आलं की निओडिमियम चुंबकाकडे वळायचं, कारण या चुंबकांना वरून निकेल, मध्ये तांबं, पुन्हा निकेल असा मुलामा असतो आणि आत लोह, निओडिमियम आणि बोरॉनचं मिश्रण. मुलाम्यावर प्लॅस्टिकचं किंवा इपॉक्सीचं आवरण. त्या आवरणाला केसाएवढी चीर गेली की खारं पाणी आत शिरतं, लोह गंजतं, गंजलं की फुगतं, आणि फुगण्याने चीर आणखी उघडते. बाहेरून मात्र पंप झकास चालत असतो. पाणी टाकीत परत आणणाऱ्या रिटर्न पंपांच्या रोटरमध्ये बरेचदा फेराइटचं काळं चुंबक असतं, ते असं गंजत नाही. संशयाच्या यादीत वर असतात ते काचेच्या आतल्या बाजूने वेव्हमेकर (पाण्यात लाटा उठवणारा पंप) धरून ठेवणारे चुंबक, काच घासायचे ब्रश, फ्रॅगचे (प्रवाळाच्या कापलेल्या तुकड्यांचे) चुंबकी रॅक, आणि पाइपवरचे स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प. स्टेनलेस नावालाच, समुद्राच्या पाण्यात तेही डागाळतं.

तपासायची रीत तुमचीच. प्रत्येक वस्तू बाहेर काढून आधी व्हिनेगरमध्ये भिजवायची, म्हणजे गुलाबी कोरलाइन शेवाळाचा थर सुटतो. चीर नेमकी त्या थराखालीच लपलेली असते. मग उजेडात धरून अंगठ्याने कडेकडेने चाचपत जायचं. आवरण सपाट हवं, फुगलेल्या भाकरीसारखं मध्ये उचललेलं नको. शेवटी पांढऱ्या टिश्यूने सांध्यावर दाबून पुसायचं. वेव्हमेकरच्या आतल्या चुंबकावर, अगदी काचेला टेकणाऱ्या बाजूला, जिथे कधी कोणाची नजर जात नाही, तिथे टिश्यूवर विटकरी रेघ उमटली. रेघेच्या टोकाशी पावडरीएवढा तपकिरी गंज होता, नखाने दाबला की आणखी निघत होता.

तेवढ्यावरही तुम्ही शिक्कामोर्तब केलं नाहीत, ही तुमची शिस्त आम्हाला सगळ्यात आवडली. दोन काचेच्या बरण्या, दोन्हींत एकाच बादलीतलं नव्याने कालवलेलं मिठाचं पाणी, एकीत तो चुंबक, दुसरीत काहीच नाही, ४८ तास. दोन्ही पाण्यांचं आयसीपी. मिठातच धातू असेल तर दोन्ही बरण्यांत दिसेल, चुंबकातला असेल तर एकीतच. एकीतच दिसला.

उपाय सोपा असला तरी सावकाश करायचा होता. दर दोन दिवसांनी २५ टक्के पाणी बदलायचं, असं चार वेळा. दर खेपेला तीन चतुर्थांश उरतं, म्हणजे चौथ्यानंतर मूळ धातूच्या साधारण ३२ टक्के. एकदम मोठा बदल का नाही, तर बाजारातली काही मिठं ११-१२ डीकेएचला कालवली जातात, आणि ८ वर असलेल्या आजारी प्रवाळांना ती उडी सोसत नाही. म्हणून ८ च्या आसपासचं मीठ निवडायचं, लिटरला साधारण ३८ ग्रॅम, टाकीच्या तापमानाला आणून मगच ओतायचं. सोबत १५० ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन, धुऊन, वाहत्या पाण्यात. आणि तांबं धरणारं माध्यम: क्युप्रिसॉर्ब किंवा पॉलीफिल्टर. पॉलीफिल्टर तांब्याने निळसर होतो, त्यामुळे काम चाललंय की नाही ते डोळ्यांनी दिसतं. ते लगेच काढून टाकायचं नाही, कारण चुनखडीच्या खडकांनी धातू शोषून घेतलेला असतो आणि पाणी स्वच्छ झालं की तो हळूहळू परत सोडतात.

पांढऱ्या होत चाललेल्या फांद्यांसाठी बोन कटर. मेलेल्या-जिवंत रेघेपासून किमान एक सेंटिमीटर जिवंत भागात जाऊन कापायचं, कापलेल्या तोंडावर सुपरग्लू जेल लावून बंद करायचं, नवीन प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवायचं. रेघेवरच कापलं तर सोलणं थांबत नाही. दिवे एक तृतीयांशाने कमी, कारण फिक्या पडलेल्या प्रवाळांना जुना उजेड भाजतो.

हे वाचून भारतात कोणाला रीफ टाकी सुरू करावीशी वाटली, तर तुम्ही आवर्जून सांगता ते इथेही लिहितो: दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती आणि समुद्रपंखे २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ पाण्यात उतरून बघावेत, घरी आणू नयेत. परदेशातही साइट्सची (CITES, वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं असलेले किंवा कोणाच्या टाकीत वाढवलेले फ्रॅगच घ्यावेत.

काका, तुम्ही एकाही निरोपाला "गूगल करा" म्हणाला नाहीत. रात्री उशिरा पाठवलेल्या फोटोंवर रेघ कुठे होती आणि कुठे आली ते खुणा करून परत पाठवलंत. सगळे फोटो एकाच कोनातून आणि एकाच वेळी काढायला लावलंत म्हणूनच रेघ थांबल्याचं कळलं. वेव्हमेकर बदललाय. नव्या अहवालात तांबं मोजता येईल त्या पातळीच्या खाली आहे, निकेल उतरतंय. अल्कॅलिनिटीचा वापर पुन्हा वाढू लागलाय, म्हणून मात्रा थोडी थोडी वाढवतोय. हिरव्या माँटिपोराच्या कापलेल्या कडेवर नवी फिकट किनार आलीय. तिचा फ्रॅग तुमच्यासाठी वेगळ्या प्लगवर लावून ठेवलाय, पण तुमच्याच नियमाप्रमाणे पुढचा आयसीपी अहवाल स्वच्छ येईपर्यंत तो आमच्याकडेच राहील.

काकूंना नमस्कार सांगा. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमचेच,
न्यू जर्सीचे दोघं