अर्जासोबतची फाइल कार्यालयात कशी उघडली जाते?

मा. संपादक,
स. न.

दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रवेशासाठी लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरकडे रीघ लागते. गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळे आता स्कॅन करून महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढवायचे. हेलपाटे वाचतात, चांगलेच आहे. पण मी संकेतस्थळे बांधण्याच्या धंद्यात असल्याने पुढचेही दिसते. अनोळखी माणसाने पाठवलेली ती फाइल कार्यालयातला लिपिक उघडतो, आणि तीही अ‍ॅडमिन लॉगिन चालू असलेल्या ब्राउझरमध्ये.

एचटीएमएल (वेबपानाची) आणि एसव्हीजी फायलींत जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये आपोआप चालणारा प्रोग्राम (स्क्रिप्ट), लिहिता येते. एसव्हीजी म्हणजे तसे चित्रच. पानावर चित्र म्हणून लावले तर आतली स्क्रिप्ट चालत नाही, पण थेट लिंकवरून उघडले की चालते. चालते ती संस्थेच्याच पत्त्यावर, लिपिकाच्या अधिकाराने. मुलांचे मोबाइल क्रमांक बाहेर नेणे, यादीतली नोंद बदलणे, जे जे लिपिकाला जमते ते तिलाही जमते. हेच क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग. कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनची खूण, 'एचटीटीपी-ओन्ली' ठेवली तर स्क्रिप्टला ती वाचता येत नाही, हे खरे. पण लिपिकाच्या नावावर कामे उरकायला ती वाचण्याची गरजच नसते.

यावर ठरलेले उत्तर मिळते, 'आम्ही फक्त पीडीएफ आणि जेपीजी घेतो.' ही अट अनेकदा केवळ फॉर्मच्या पानावर असते, सर्व्हरवर कोणी तपासत नाही. मोंढ्यात पोत्यावरची चिठ्ठी वाचून सोयाबीनचा भाव कोणी लावत नाही, मूठभर माल हातावर घेतात; फायलीच्या नावाचे शेपूट (.pdf, .jpg) पाहून तिला आत घेणारे मात्र पुष्कळ.

पीडीएफला उगाच बदनाम करू नये. तिच्यातली स्क्रिप्ट एरवी संकेतस्थळाच्या हक्कांपर्यंत पोहोचत नाही. तरी मे 2024 मध्ये पीडीएफ.जेएस या दर्शकात (फायरफॉक्स ब्राउझर पीडीएफ दाखवायला हाच वापरतो) फॉन्टच्या हाताळणीतली एक चूक उघड झाली आणि मुद्दाम घडवलेली पीडीएफ उघडताच स्क्रिप्ट चालू लागली. फायरफॉक्सच्या 126 व्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त झाली. ज्या संकेतस्थळांनी या दर्शकाची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली आहे, त्यांना ती प्रत स्वतःच बदलावी लागते. देखभालीचा करार संपलेल्या ठिकाणी ती कोण बदलणार?

उपाय खर्चिक नाहीत. आलेल्या फायली मुख्य पत्त्यावरून न देता वेगळ्या डोमेनवरून (संकेतस्थळाच्या वेगळ्या नावावरून) द्याव्यात, म्हणजे स्क्रिप्ट चालली तरी लिपिकाच्या अधिकारापर्यंत पोहोचत नाही. गूगल आणि गिटहब वापरकर्त्यांच्या फायलींसाठी हेच करतात. 'कंटेंट-डिस्पोझिशन: अटॅचमेंट' हा हेडर, म्हणजे सर्व्हरने फायलीसोबत ब्राउझरला पाठवायची सूचना, लावला की फाइल पानात न उघडता डाउनलोड होते. 'नोस्निफ' हा दुसरा हेडर लावला की ब्राउझर फायलीच्या प्रकाराचा स्वतः अंदाज बांधत बसत नाही. एसव्हीजीची गरज नसेल तर ती सर्व्हरवरच नाकारावी. हेडरचे काम सर्व्हरच्या सेटिंगमध्ये चार-दोन ओळींचे आहे, पण कार्यादेशात लिहिलेले नसले की कंत्राटदार करत नाही. (आमच्याच व्यवसायाबद्दल बोलतो आहे.)

म्हणून महाविद्यालये, बाजार समित्या आणि नगरपालिकांनी संकेतस्थळाच्या पुढच्या कार्यादेशात या बाबी स्पष्ट लिहाव्यात आणि बिल काढण्यापूर्वी स्क्रिप्ट असलेली एक एसव्हीजी स्वतः चढवून पाहावी. तोवर लिपिकांनी अर्जाच्या फायली लॉगिन असलेल्या ब्राउझरमध्ये उघडू नयेत, आधी उतरवून घ्याव्यात.

आपला,
एक वाचक, लातूर