ताई, तुम्ही बाबांच्या ताटापर्यंत पोहोचलात

आदरणीय आहारतज्ज्ञ ताई,
सप्रेम नमस्कार.

बाबांचे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, ७८० आले, तेव्हा घरात तेल-तूप बंदचा हुकूम सुटला. रिपोर्टवर 'सीरम (रक्तातला पातळ द्रव) दुधाळ' असा शेरा होता आणि एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, रकाना कोरा. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की नेहमीच्या सूत्राने एलडीएल काढता येत नाही, हे तुम्ही समजावलंत. ते १५० च्या आत हवेत आणि ५०० च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, हेही तुमच्याकडूनच कळलं. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन ती पाठीत गेली, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा, असं तुम्ही बजावलं होतंत.

सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते तुमच्या प्रश्नांचे. "काका, सकाळी उठल्यापासून सांगा. चहा किती वेळा? साखर किती? सोबत काय?" घाई नाही, रागावणं नाही. बोलता बोलता सगळं बाहेर आलं: गोड चहा, खारी, दुपारी ताटभर भात, सोमवारी साबुदाण्याची खिचडी, मे महिन्यात वाट्यावाट्यांनी आमरस. तेल कमी केलंत ते योग्यच, पण जास्तीच्या साखरेपासून आणि पिठूळ पदार्थांपासूनही यकृत ट्रायग्लिसराइड्स बनवतं, असं तुम्ही सांगितलंत. आम्हाला तोवर हे कुणीच सांगितलं नव्हतं!

तुम्ही बाबांचा उपास मोडला नाहीत. साबुदाण्याऐवजी ताक, काकडी आणि राजगिऱ्याची एक भाकरी सुचवलीत. भात वाटीभर, बाकी नाचणीची भाकरी, भाजी, कुळथाचं पिठलं. बांगडा तळायचा नाही, त्याचं तिखलं करायचं. कोकणातल्या माणसाला हे पथ्य वाटतच नाही. बाबा दारू घेत नाहीत, नाहीतर ती आधी सोडायला लावली असती, असंही तुम्ही स्पष्ट बोललात.

डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइड्स कमी करणारं फेनोफायब्रेट सुरू केलं होतं. तपासणीत मधुमेहही निघाला, त्याचीही गोळी आली. "खाणं सुधारलं की गोळ्या सुटतील ना?" या बाबांच्या प्रश्नाला तुमचं उत्तर होतं, "ते डॉक्टर ठरवतील. माझं ताट आणि त्यांची गोळी, दोन्ही चालू द्या." पुढे स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषधही आलं, तेव्हा अंग विनाकारण दुखलं तर लगेच कळवा, हेही तुम्ही आठवणीने सांगितलंत. औषधाच्या भीतीने ते मध्येच बंद करणारे आमच्या नात्यात आहेत, म्हणून हे फार मोलाचं वाटतं.

आता बाबांचे ट्रायग्लिसराइड्स १९० आहेत. अजून खाली यायचेत, पण ते रोज जेवणानंतर चालायला जातात आणि चहा बिनसाखरेचा मागतात.

हे घराण्यात असू शकतं, भावंडांचीही तपासणी करा, असं तुम्ही म्हणाला होतात. आत्याचे २६० आलेत. तिला घेऊन येतेय. दिवसभराच्या खाण्याची यादी तिने आत्ताच लिहायला घेतली आहे.

आपली,
तुमच्या एका रुग्णाची मुलगी