कॉलेजात विचारायचे कुणाला, केव्हा आणि काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला, प्रवेशाच्या याद्या लागल्या की साताऱ्यात पोवई नाक्यापासून सदर बझारपर्यंत नव्या मुलामुलींची गर्दी दिसू लागते. मेढा, परळी, कोरेगाव, रहिमतपूर, दहिवडीकडून एसटीने येणाऱ्या या मुलांत पुष्कळ जण असे असतात की, घरातून कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले. शाळेत बाई-गुरुजी स्वतःहून सांगत; कॉलेजात विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि हा फरक घरी कुणाला ठाऊक नसतो. मग विचारणा होते ती सायबर कॅफेत, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, नाहीतर यूट्यूबवर. इकडे कॉलेजच्या आवारात वीस-वीस वर्षे तेच काम केलेली माणसे हाकेच्या अंतरावर असतात. त्यांच्याशी कधी आणि काय बोलावे, हे थोडे तपशिलाने मांडायचे आहे.

सुरुवात हजेरीपासून करतो, कारण पहिल्या सत्रात सर्वाधिक घोळ इथे होतो आणि तो कळतो उशिरा. क्रेडिट पद्धतीत थिअरीचे १ क्रेडिट म्हणजे १५ तास. २ क्रेडिटच्या पेपरला सत्रात ३० तास होतात. ७५ टक्के हजेरी म्हणजे २३ तास बसलेच पाहिजे, मोकळीक फक्त ७ तासांची. आता समजा, एखाद्या विषयाचे आठवड्यातले दोन्ही तास सकाळी पहिलेच आहेत आणि मुलाची गाडी त्यातल्या एका दिवशी हमखास उशिरा पोचते. पंधरा आठवड्यांत १५ तास गेले. बाकी सगळ्या विषयांत हजेरी चांगली, एकूण आकडाही ठीक, पण त्या एका विषयात मुलगा ५० टक्क्यांवर. यादी लागते ती परीक्षेचे फॉर्म भरायच्या तोंडावर, आणि तेव्हा विभागप्रमुखांच्या हातातही काही उरलेले नसते.

हेच जुलैमध्ये विचारले तर वाटा निघतात. दुसऱ्या तुकडीला तोच तास दुपारी असेल तर तिथे बसायची लेखी परवानगी मिळू शकते. प्रॅक्टिकलची बॅच बदलता येते. त्या गाडीने येणाऱ्या पंधरा-वीस पासधारकांच्या सह्यांचा अर्ज आणि सोबत प्राचार्यांचे पत्र आगारात दिले, तर एकट्याच्या तोंडी तक्रारीपेक्षा त्याकडे अधिक लक्ष दिले जाते. आणि कोणत्या गाडीने आले की पहिला तास बुडतो, हे ज्याला पक्के ठाऊक असते तो म्हणजे त्याच थांब्यावर उभा राहणारा सेकंड इयरचा दादा किंवा ताई. म्हणून पहिली ओळख त्यांची करून घ्यावी.

सीनियरला विचारताना मुले एक चूक करतात. वर्गात पहिल्या आलेल्यालाच गाठतात. तो मनापासून सांगतो, पण अडचण कुठे येते हे त्याला फारसे माहीत नसते. ज्याचा पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला आणि पुढे सुटला, त्याला जाऊन विचारावे: कोणता पेपर राहिला, कशामुळे राहिला, पुन्हा बसताना काय वेगळे केले? बहुतेक वेळा उत्तर एका ओळीत मिळते. अंतर्गत परीक्षेला गैरहजर होतो. जर्नल (प्रयोगवही) सर्टिफाय झाले नव्हते. पहिला प्रश्न लिहिण्यात तासभर गेला. पर्यायी विषय मित्राने घेतला म्हणून घेतला. ही चार कारणे समजली तरी पहिले सत्र पुष्कळ सोपे होते.

मात्र सीनियरचे प्रत्येक सांगणे आजच्या नियमांना लागू पडेलच असे नाही, आणि साताऱ्यात हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्याच वेळी शहरातली छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ही तीन मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. एका खोलीत राहणाऱ्या दोन मैत्रिणींचे विद्यापीठ वेगळे, त्यामुळे पेपरचा आराखडा, उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीची मुदत आणि पुनर्मूल्यांकनाचे नियमही वेगळे असू शकतात. शिवाय नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आले. त्याआधीच्या विद्यार्थ्याच्या नोट्सची झेरॉक्स विकत घेतली तर त्यातले अर्धे घटक आता अभ्यासक्रमात नसतील. तेव्हा सीनियरकडून अनुभव घ्यावा आणि नियम विभागातल्या छापील अभ्यासक्रमावर ताडून पाहावा. "इंटर्नलचे मार्क सगळ्यांना देतात" हे वाक्य दरवर्षी ऐकू येते. त्यावर विसंबण्यापूर्वी विभागात एकच प्रश्न विचारावा: अंतर्गत आणि सत्रान्त परीक्षेत वेगवेगळे पास व्हावे लागते की एकत्र?

प्राध्यापकांकडे जायला मुले सर्वांत जास्त बिचकतात. तास संपल्यावर दारात अडवून "सर, अभ्यास कसा करू?" असे विचारले, तर सर "रोज वाचत जा" यापलीकडे काय सांगणार? पुढच्या वर्गाची घंटा झालेली असते. त्याऐवजी विभागाबाहेर लावलेले वेळापत्रक बघावे, सरांचा किंवा मॅडमचा मोकळा तास शोधावा आणि स्वतः लिहिलेले एक उत्तर घेऊन जावे. मागच्या वर्षीच्या पेपरातला प्रश्न, घड्याळ लावून लिहिलेले उत्तर, आणि विचारणे इतकेच: "मॅडम, आठ गुणांना यात काय कमी पडतेय?" दहा मिनिटांत कळते की व्याख्या आहे पण उदाहरण नाही, आकृती आहे पण नावे दिलेली नाहीत, गणिताच्या पायऱ्या गाळल्या आहेत. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या सायन्सच्या मुलांनी तर हे पहिल्या महिन्यातच करावे. त्यांची अडचण बहुधा विषयाची नसते, इंग्रजीत वाक्य मांडण्याची असते, आणि ती लिहिलेल्या कागदावरच दिसते. महिन्यातून दोनदा गेले तरी पुरे.

आता कार्यालय. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर मुलगा कॅफेतून भरतो. कॅफेवाला घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो, पासवर्डही त्याच्याकडेच राहतो. पुढे कॉलेजच्या छाननीत उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट म्हणून अर्ज परत येतो, त्याचा संदेश जातो कॅफेवाल्याच्या फोनवर, आणि मुलगा वर्षभर "पैसे अजून आले नाहीत" म्हणत राहतो. अर्ज त्याच्याच लॉगिनमध्ये पडून असतो. यासाठी अर्ज केल्यापासून दर पंधरा दिवसांनी स्वतः लॉगिन करून बघावे आणि शिष्यवृत्तीच्या टेबलावर नेमके विचारावे: "माझा अर्ज सध्या कोणत्या टप्प्यावर आहे? महाविद्यालयाकडे, शासनाच्या विभागाकडे, की माझ्याकडे परत आलाय?" "शिष्यवृत्ती कधी येणार?" याचे उत्तर त्या टेबलावर कुणापाशीच नसते.

दुसरी अडचण बँकेची. शासनाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात येतात, असा समज आहे. पण थेट लाभाचे पैसे एनपीसीआय (बँकांमधील पैशांची देवाणघेवाण चालवणारी संस्था) हिच्या नोंदीत आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि असे खाते एकच असते. गावाकडे एक खाते, साताऱ्यात दुसरे, आणि नंतर कुणी तरी फोनवरून उघडून दिलेले तिसरे, असे झाले की शेवटी जे जोडले गेले त्यात रक्कम पडते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दिसते. अर्जापूर्वीच पाहावे. ते खाते बंद पडलेले असेल तर बँकेत अर्ज देऊन बदलून घ्यावे. तिसरी गोष्ट, एकदा मंजूर झालेली शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी आपोआप येत नाही, नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो. पालकांसाठीही एक खुलासा. मुलींच्या शंभर टक्के शुल्कमाफीचा २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. त्यात प्रवर्गाच्या आणि ८ लाखांच्या उत्पन्न मर्यादेच्या अटी आहेत आणि व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश त्यात बसत नाहीत. "मुलींना सगळे फुकट झालेय" एवढेच ऐकून नाव घालू नये. कोणती योजना आपल्या मुलीला लागू आहे हे फी भरण्याआधी कार्यालयात विचारावे.

परीक्षा विभागात पहिल्या सत्रातच नाव तपासून घ्यावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचे नाव पूर्ण तर कुठे नुसते आद्याक्षर. क्रेडिट जमा होणाऱ्या एबीसी (अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्याशी हे जुळले नाही तर गुण मिळूनही क्रेडिट दिसत नाहीत. पहिल्या वर्षी ही दुरुस्ती कागदपत्रांचा एक फेरा घालून होते. शेवटच्या वर्षी पदवीच्या अर्जाच्या वेळी लक्षात आले, तर धावपळीला अंत राहत नाही.

ग्रंथपाल आणि प्रयोगशाळेतले सहायक या दोघांना तर कुणी विचारतच नाही, याचे फार वाईट वाटते. मागील प्रश्नपत्रिकांच्या फाइली ग्रंथालयात असतात. एखाद्या विषयाच्या उपलब्ध सगळ्या प्रश्नपत्रिका घेऊन प्रत्येक प्रश्न कोणत्या घटकावरचा आहे हे वहीत मांडले, की दोन तासांत कळते कोणत्या घटकाला किती वजन आहे. बुक बँकेची पुस्तके सत्रभर घरी नेता येतात, पण प्रती मोजक्या असतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत संपतात. ज्या कॉलेजांनी एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ई-ग्रंथ योजनेचे सदस्यत्व घेतले आहे तिथे विद्यार्थ्यांना स्वतःचे लॉगिन मिळून हजारो ई-पुस्तके घरबसल्या वाचता येतात. ते ग्रंथपालांकडे मागावे लागते, एवढेच. प्रयोगशाळेतल्या मामांना कोणत्या ब्युरेटची तोटी गळते, कोणत्या सूक्ष्मदर्शकाची भिंगे धुरकट आहेत हे पाठ असते. जर्नलवर दर आठवड्याला सही घ्यायची, हेही तेच बजावून सांगतात. ते ऐकावे. सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही आणि शेवटच्या आठवड्यात बारा प्रयोगांवर एकदम सह्या कुणी करत नाही.

कुणालाही विचारायला जाताना एक छोटी वही सोबत असावी. तारीख, कुणी सांगितले, काय सांगितले, पुन्हा कधी यायचे. कार्यालयात सकाळच्या गर्दीत जाऊ नये, प्रवेशाच्या दिवसांत तर नाहीच. मूळ कागदपत्रे हातात ठेवून झेरॉक्स द्यावी आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

वसतिगृहाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. रात्री खोलीवर बोलावून "ओळख" घेणे याला मार्गदर्शन म्हणत नाहीत. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे आणि राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. जो दादा किंवा जी ताई खरोखर मदत करते, ती दिवसा, वाचनालयात किंवा कँटीनमध्ये, चार जणांदेखत करते. रॅगिंगची भीती वाटून सगळ्याच सीनियरपासून दूर राहणारी मुले मोठ्या आधाराला मुकतात, म्हणून रेक्टरांनी पहिल्याच दिवशी हा फरक समजावून सांगावा.

महाविद्यालयांकडे आमची विनंती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 'दीक्षारंभ' हा नव्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम सुचवला आहे. पुष्कळ ठिकाणी तो एका सकाळच्या भाषणांत आणि सत्कारात संपतो. मेंटॉर-मेंटीच्या (कोणत्या विद्यार्थ्याचे मार्गदर्शक प्राध्यापक कोण, याच्या) याद्याही तयार होतात, पण आपले मेंटॉर कोण हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते. ती यादी नावांसह फलकावर लावावी. प्रत्येक विभागाच्या दारावर प्राध्यापकांचा भेटीचा तास लिहावा. कार्यालयाच्या प्रत्येक खिडकीवर कोणते काम कोणत्या वेळेत होते ते मराठीत लिहावे. आणि पहिले सहा आठवडे मुख्य दारापाशी एक टेबल मांडून तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची दोन मुले रोज सकाळी नऊ ते अकरा बसवावीत, शक्यतो एक जावळी-पाटणकडचा आणि एक माण-खटावकडचा.

त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढून पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी विद्यार्थ्याच्या श्रमाला शिक्षणात जागा दिली. 'कमवा आणि शिका' योजना आजही जिल्ह्यातल्या अनेक महाविद्यालयांत चालू आहे. बागकाम, ग्रंथालय आणि कार्यालयातल्या कामांप्रमाणे या टेबलावरचे तासही त्या योजनेत धरावेत. तिथे बसणाऱ्यांना आधी कार्यालय अधीक्षक, ग्रंथपाल आणि परीक्षा विभाग यांनी मिळून अर्धा दिवस माहिती द्यावी, म्हणजे ऐकीव गोष्टी पुढे जाणार नाहीत. आलेला प्रत्येक प्रश्न रजिस्टरला लिहावा आणि दर शनिवारी ते रजिस्टर प्राचार्यांपुढे ठेवावे. एकच प्रश्न वीस जणांनी विचारला असेल तर त्याचे उत्तर सोमवारी फलकावर लागले पाहिजे.

आपल्या दैनिकालाही एक सुचवावेसे वाटते. प्रवेशाच्या कटऑफच्या बातम्यांशेजारी जून-जुलैमध्ये जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या शिष्यवृत्ती, परीक्षा आणि वसतिगृह विभागांच्या वेळा छापाव्यात. गावोगावी वाचनालयात अंक जातो. तिथे पालक तो वाचतील.

आपले,
एक निवृत्त ग्रंथपाल व एक निवृत्त कार्यालय अधीक्षक
सातारा