भाचेबाई, फोन वाजायचा थांबला त्याबद्दल आभार

प्रिय भाचेबाई,
अनेक आशीर्वाद.

आभार मानलेले तुला खपत नाहीत, आणि नाव घेऊन मानलेले तर मुळीच नाहीत, म्हणून नाव गाळलंय. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितोय. लॉजवाले, दुकानदार, गाइड, गाड्या भाड्याने देणारे अशा ज्यांचं वर्षाचं गणित दोन-अडीच महिन्यांच्या सीझनवर चालतं, त्यांच्यापैकी चौघांनी जरी हे वाचलं तरी ऑनलाइन प्रसिद्धीची तुझी मेहनत माझ्या लॉजच्या 8 खोल्यांपुरती राहायची नाही.

मागच्या वर्षीचा मी तुला आठवत असेनच. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात रजिस्टर, समोर काउंटरवर खोळंबलेले पाहुणे. ऐन गर्दीच्या आठवड्यात मी पैसे भरून पोस्ट बूस्ट केली होती, म्हणजे जास्त लोकांना दिसेल अशी केली होती. खोल्या तर आधीच भरलेल्या, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक फोनला ‘जागा नाही’ एवढंच सांगायचं. लोकांना नाही म्हणण्यासाठी मी स्वतःच्या खिशातून पैसे मोजत होतो, हे तू येऊन दाखवेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यात आमच्या पोरांनी केलेलं ते रील. लाखांवर लोकांनी पाहिलं म्हणून मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरलो. तू इन्साइट्स, म्हणजे रील कोणी आणि कुठून पाहिलं त्याची आकडेवारी, उघडून विचारलंस, “मामा, हे बघणारे राहतात कुठे?” त्यातल्या बहुतेकांना इथे पोचायला दोन दिवस लागले असते. त्या रीलवरून एकही खोली गेली नाही.

आणि मग तुझा तो प्रश्न. “भर सीझनमध्ये तुला आणखी गिऱ्हाईक हवंय कशाला? जे निघालेत, जे वाटेत आहेत, त्यांना खरं काय ते वेळेवर कळलं तर पुरे नाही का?” तेव्हा मला राग आला होता. आता कबूल करतो, सगळी गोम त्या एका वाक्यात होती.

सीझनच्या तीन महिने आधी तू कामाला लावलंस. पहिलं गूगल, म्हणजे शोधल्यावर नकाशावर दिसते ती आपल्या लॉजची माहिती. ‘गूगल माय बिझनेस’ म्हणून मी ज्याला ओळखत होतो, त्याचं नाव 2021 मध्येच ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झालं होतं आणि माझी माहिती त्याच्याही आधीची. नंबर बंद पडलेल्या लँडलाइनचा. नकाशावरची पिन मागच्या बोळात, जिथून गाडी मागे घेणं म्हणजे शिक्षा. इतकी वर्षं रात्री चुकून त्या बोळात शिरलेले पाहुणे वैतागून आत यायचे आणि मी समजायचो, लोकच तापट झालेत! तू पिन उचलून पुढच्या दारात आणलीस, सीझनच्या वेळा वेगळ्या भरल्यास. त्यानंतर फोटो. मला गच्चीवरून सूर्यास्त हवा होता, तुला जिना हवा होता. “लिफ्ट नाही हे दिसलं तर गुडघेदुखीवाले येणार नाहीत,” मी म्हणालो. “आणि येऊन परत गेले तर?” तू म्हणालीस. जिन्याचा फोटो पहिल्या पाचांत लागला. पार्किंगचा आणि बाथरूमचाही.

व्हॉट्सअॅप बिझनेस, म्हणजे धंदेवाल्यांसाठीचं वेगळं व्हॉट्सअॅप, 2018 पासून आहे म्हणे. मी ते फोनवर घेतलं तुझ्यामुळे, यंदा. पण अॅपपेक्षा मला तुझी त्याआधीची रीत आवडली. गेल्या सीझनचे सगळे मेसेज मला परत वाचायला लावलेस आणि कोणता प्रश्न किती वेळा आला, त्याच्या कागदावर रेघा मारायला लावल्यास. गाडी लावायला जागा आहे का, खोली किती वाजता सोडायची, रेंज येते का, कुत्रा चालेल का, गरम पाणी किती वेळ. आलटून पालटून तेच. त्यांचे क्विक रिप्लाय, म्हणजे आधीच लिहून ठेवलेली उत्तरं, झाले. ‘/रस्ता’ लिहिलं की पत्ता, नकाशा आणि ‘मागच्या बोळात शिरू नका’ ही सूचना एका बोटात जाते. ‘आगाऊ रक्कम आली’ आणि ‘नुसतं विचारून गेले’ अशी लेबलं लागली. ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकदम अनेकांना धाडलेला, मेसेज आपला नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, हे तू सांगेपर्यंत मी भिंतीशी बोलत होतो. आता खोली सोडताना प्रत्येकाला नंबर सेव्ह करायला सांगतो.

रोज सकाळी 7 वाजता स्टोरी टाकायची सवय मात्र सोन्याची. आज किती खोल्या शिल्लक, रस्ता कसा, गर्दी कुठे, धुकं आहे की ऊन. मी हे सगळं पोस्ट म्हणून टाकायला निघालो होतो. तू थांबवलंस, कारण स्टोरी 24 तासांत जाते आणि पोस्ट राहते. मंगळवारची ‘दोन खोल्या रिकाम्या’ शनिवारी कोणाच्या तरी समोर येणार आणि ते थेट दारात उभे राहणार. खरं सांगू, त्या एका स्टोरीने फोन अर्ध्यावर आले.

जागा संपली की ‘आज फुल्ल’ लिहून खाली शेजारच्या दोन लॉजचे नंबर द्यायचे, यावर आपलं चांगलंच वाजलं होतं. आपलं गिऱ्हाईक आपण होऊन दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं? पण तिसऱ्या आठवड्यापासून त्यांच्याकडूनही माणसं यायला लागली, आणि मुख्य म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवसांत. जाहिरातीचे पैसेही तू तिथेच वळवलेस, फक्त सोमवार ते गुरुवार आणि सीझनच्या दोन्ही टोकांना. शनिवार-रविवारला एक पैसा नाही.

आता त्या रात्रीबद्दल. एक जोडपं पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट घेऊन आलं. नाव आपलं, फोटो आपले, पण पेज आपलं नव्हतं. कोणीतरी हुबेहूब पेज काढून त्यांच्याकडून आगाऊ रक्कम उकळली होती. बाईंचे डोळे भरले होते, आणि माझ्याकडे खोली नव्हती. मी तुला रात्री साडेअकराला उठवलं. तू आधी मला त्यांच्या गाद्या आमच्या हॉलमध्ये घालायला लावलंस आणि मग फोनवरून मला, मामीला आणि सगळ्या नोकरमंडळींना एकेक करून ते खोटं पेज रिपोर्ट करायला लावलंस. सकाळपर्यंत आपल्या पेजवर सर्वांत वर पिन केलेली पोस्ट होती: आमचा नंबर हा एकच, पैसे याच नावाच्या खात्यात, शंका असेल तर आधी फोन करा. बँकेकडे आणि पोलिसांकडे तक्रार त्या जोडप्याने केली. कागद काय लागतील तेही तूच सांगितलंस. माझं डोकं त्या रात्री चालत नव्हतं.

एका ताऱ्याच्या त्या रिव्ह्यूला मी लिहिलेलं सणसणीत उत्तर अजून फोनच्या नोट्समध्ये आहे. ‘रात्रभर ठेव, सकाळी वाच’ म्हणालीस. सकाळी वाचलं तर त्या गृहस्थाचं निम्मं म्हणणं बरोबर होतं. पाच ताऱ्यांच्या बदल्यात सवलत द्यायची माझी आयडिया तू जागीच मोडून काढलीस, गूगलच्या नियमांतच ते बसत नाही म्हणून. बरं झालं. पाहुण्यांचे फोटो विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत आणि लहान मुलांचे चेहरे तर नाहीच, हे आता नवीन पोरांना मीच बजावतो.

एका बाबतीत मात्र मी हरलेलो नाही. कॅमेऱ्यासमोर मी नाचणार नाही. तू कितीही म्हण.

परवा शेवटचे पाहुणे गेले. रजिस्टर घेऊन बसलो. ‘कुठून कळलं?’ हा रकाना तूच आखला होतास. त्यात सर्वांत जास्त वेळा लिहिलंय ‘नकाशावर दिसलं’, त्याखालोखाल ‘शेजारच्यांनी सांगितलं’. रील एकदाच आलंय, आणि तो आमच्या व्याह्यांचा पुतण्या.

पुढच्या सीझनआधी चार दिवस राहायला ये. कोपऱ्यातली खोली अडवून ठेवतो. फक्त तारीख लवकर कळव, कारण सकाळी 7 वाजता एकदा ‘फुल्ल’ टाकलं की मी नातं बघत नाही. तूच शिकवलंयस.

तुझा,
मामा