धरणाआधी उचललेलं घर

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर सांगायला घेतलं होतं, तेवढ्यात तुमच्याकडची रेंज गेली. म्हटलं बरंच झालं, ही गोष्ट लिहूनच सांगावी.

रविवारी चिचेस्टरहून बसने इथल्या, दक्षिण इंग्लंडमधल्या, सिंगलटन नावाच्या खेड्यात गेले होते. तिथे जुन्या घरांचं म्युझियम आहे. कपाटात मांडलेल्या वस्तू नाहीत, अख्खी घरंच आहेत. ठिकठिकाणची, पाडायला निघालेली, तिथून सोडवून आणून पुन्हा उभी केलेली. त्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरात शिरले आणि बाबा, मग दिवसभर तुम्हीच डोक्यात होता.

घराचं नाव बेलीफ. कोर्टाचा नव्हे गं आई, तुझ्या मसाल्याच्या डब्यातलं तमालपत्र. मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनजवळचं. जुना भाग १४०५ ते १४३० च्या दरम्यानचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही दोनशे वर्षं आधीचा. एका टोकाचा भाग १५१० च्या आसपास नव्याने बांधलेला.

आत गेल्यावर आधी काही दिसेचना. मधल्या दालनाला, आपण माजघरच म्हणू, माळा नाही. थेट आढ्यापर्यंत मोकळं. जमिनीवर मधोमध विस्तव. धुराडं नाही! धूर वर चढतो आणि कौलांच्या फटींतून जमेल तसा बाहेर पडतो. खिडक्यांना काचा नाहीत, नुसते उभे लाकडी गज आणि आतून झडपा. पाचच मिनिटांत माझ्या स्वेटरला आजीच्या लुगड्याचा वास यायला लागला. वर पाहिलं तर वासे काळेकुट्ट. रंग नव्हे, काजळी. अशा काजळीवरूनच तर जाणकार ओळखतात, की या घरात एके काळी उघडी चूल होती.

घराचे मधले दोन खण माजघराचे, दोन्ही टोकांना दुमजली खोल्या. टोकांचे वरचे मजले भिंतीच्या पुढे आलेले, त्यामुळे समोरून पाहिलं की मधला भाग आत ढकलल्यासारखा वाटतो. छप्पर मात्र सगळ्यावर एकच, सरळ. या धाटणीच्या घरांना इथे वील्डन घर म्हणतात. एका टोकाला दोन लहान कोठ्या, एक पेयांच्या पिंपांची, एक भाकरतुकड्याची. दुसऱ्या टोकाला घरधन्याची बैठक आणि वर निजायची खोली. त्या खोलीला लागून भिंतीबाहेर लटकलेला संडास! आई, तू इथेच वाचायचं थांबवशील, म्हणून पुढच्या विषयाकडे वळते.

भिंती कुडाच्या. तिथली बाई समजावत होती: खांबांच्या मध्ये काठ्या विणायच्या, वर चिखल, पेंढा आणि शेण एकत्र मळून लिंपायचं. शेण म्हणताना ती जरा थांबून आमच्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, बाई गं, मला नको सांगूस.

आता खरी गोष्ट. हे घर तिथून का हलवलं? तिथे बाऊ बीच नावाचं धरण होणार होतं. घर पाण्याखाली जाणार, म्हणून पाणी कंपनीने ते म्युझियमला देऊन टाकलं. १९६८-६९ मध्ये ते खोललं आणि १९७२ मध्ये सिंगलटनला पुन्हा उभं राहिलं. खोलता आलं, कारण सांगाडा सगळा ओकच्या लाकडाचा, खाचेत बसवून लाकडी खुंट्या ठोकलेला. त्या काळचे सुतार आधी जमिनीवर सगळी जुळणी करून बघायचे, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकड्यांसारख्या खुणा करायचे, आणि मग जागेवर नेऊन उभारायचे. म्हणजे ही घरं पहिल्यापासून सुटी करता येण्यासारखीच.

हे म्युझियम रॉय आर्मस्ट्राँग नावाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने १९६७ मध्ये सुरू केलं. तुमच्याकडे कोयनेचा भूकंप झाला, तेच साल. तसं इथे १९४७ च्या कायद्यापासून जुन्या वास्तूंची सरकारी यादी आहे. माझ्या ऑफिसातली एकजण तसल्या यादीतल्या शेतघरात राहते. एक खिडकी बदलायची, तर परवानगीची वाट बघत बसलीये. जे घर जागेवर वाचू शकतं, त्याला म्युझियमही हात लावत नाही. जागाच उरत नसेल, तेव्हाच उचलायचं.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. नंतरच्या लोकांनी घरात धुराडं बांधलं होतं, माळा घातला होता. पुन्हा उभारताना हे सगळं गाळलं आणि घर सोळाव्या शतकात नेऊन ठेवलं. दिसतं सुरेख. पण पुढची तीनशे-चारशे वर्षं जी माणसं तिथे राहिली, त्यांनी काय पाप केलं होतं?

बाबा, आपलं घर कोयनेच्या पाण्यात गेलं तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होता. आजोबांनी गाडीतून लाकडं आणली, त्यातला एकच खांब आता आपल्या ओटीवर आहे, ज्याला आपण छत्र्या अडकवतो. त्याच्या माथ्याशी एक खाच आहे. लहानपणी मी तिच्यात चिंचोके लपवायचे. त्या खाचेत काय बसत होतं? तुळई? खांब माजघरातला होता की पडवीतला? आपलं घर किती खणांचं होतं, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही.

माझ्या जुन्या चौकटीच्या वह्या कपाटात असतील. एका पानावर घर काढा. दार कुठल्या अंगाला, चूल कुठे, गोठा कुठे, देवघर कुठे, आठवेल तसं. माप चुकलं तरी चालेल. खांबावर सुताराची काही खूण आहे का तेही बघा, पण स्टुलावर चढू नका. आई, तू बॅटरी धर आणि त्यांना खालूनच बघायला लाव.

तुमची,
धाकटी