दानाच्या गोधडीसाठी कापड देताना

मा. संपादक,

गोधड्या शिवून वृद्धाश्रम, रुग्णालयांना देणाऱ्या मंडळांकडे लोक मनापासून जुने कपडे आणून देतात. पण त्यातले बरेच बाजूला काढावे लागतात. देण्याआधी कापड उजेडासमोर धरून पाहावे. विरळ दिसले तर ते शिवणीपाशीच फाटणार. सुती आणि ताणणारे होजिअरी एका गोधडीत नको. धुतल्यावर दोन्ही सारखी आटत नाहीत, मग चुण्या पडतात. गडद लाल-निळ्यावर ओले पांढरे फडके घासून रंग तपासावा.

शिवणाऱ्यांनी शिवणीला पाव इंच सोडावे, आणि तेही काटेकोर. दर शिवणीत दोन्ही तुकड्यांचे अर्धा-अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) जास्त गेले, तर दहा तुकड्यांची ओळ इंचाहून अधिक आखूड होते. (मग कडा ओढून जुळवल्या की गोधडी सपाट बसतच नाही.)

वर्षाखालील बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण धोक्याचे. त्यांच्या गोधड्या खेळताना जमिनीवर अंथरण्यासाठीच द्याव्यात. मणी, बटणे नकोत. चाकाच्या खुर्चीसाठी 36 बाय 45 इंच पुरते. त्याहून लांब गोधडी चाकात अडकू शकते, तेव्हा माप संस्थेला आधी विचारावे.

– गोधडी मंडळाच्या सदस्या